इंदूरचे खत आणि काळी जमीन

अहमदपूरचा प्रदेश बालाघाटाच्या रांगांवर वसलेला. चढावर मुरमाड, पातळ माती. सखल भागी काळी, चिकण. या काळीचा स्वभाव तेथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. पावसाळ्यात ती पायास चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. अंगणातील चार वांगी आणि दोन जाईचे वेल जगवू पाहणाऱ्यासही तिची मर्जी सांभाळावी लागते.

अशाच काळ्या जमिनीवर, माळव्यात, एका खताचा जन्म झाला. इंदूर दरबाराने दिलेल्या ३०० एकरांवर १९२४ साली वनस्पती-संशोधनाची एक संस्था निघाली. तिचे संचालक सर आल्बर्ट हॉवर्ड. पुसा येथे अनेक वर्षे काम केलेल्या या गृहस्थांनी शेतकऱ्यास आपला गुरू मानले, हे विशेष. चिनी शेतकरी काडीकचरा वाया जाऊ देत नाहीत, ही गोष्टही त्यांच्या मनात घर करून होती.

आपल्याकडे अडचण होती ती शेणाची. गोवऱ्या थापल्या जात आणि जमिनीचे अन्न चुलीत जळे. हॉवर्ड आणि त्यांचे रसायनज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी यावर जो तोडगा काढला, तो साधा होता. शेण हे विरजण समजावे. दूध म्हणजे पालापाचोळा. कचरा प्रथम गुरांखाली अंथरावयाचा. पऱ्हाट्यांसारखी कठीण धाटे गाडीवाटेवर पसरावयाची, म्हणजे चाकांखाली ती आपोआप चिरडली जात. मग उथळ खड्ड्यात कचरा, शेणकाला, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर. तीन वेळा उलथापालथ केली, ओल राखली, की सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत हाती येई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून ढीग जमिनीवरच रचीत. हवा कोंडली की कचरा कुजण्याऐवजी सडतो; बहुतेक घरगुती खड्डे येथेच फसतात.

हॉवर्ड व वाड यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरची ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’ पत्रातून तिच्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती पोहोचली. हॉवर्डांचे नाव जगभर झाले, वाडांचे मात्र मागे राहिले, हे न्याय्य नव्हे.

चिकण काळीस या खताने रवाळपणा येतो, पाणी मुरते. वर वाळल्या पानांचे आच्छादन घातले की ऊन थेट मातीस लागत नाही आणि भेगा कमी पडतात. शहरांतून मात्र तीच पाने माघ-फाल्गुनात झाडून, ढीग करून, पेटविली जातात.