हाडे चघळणाऱ्या गाई

गाय शाकाहारी, असे आपण वर्गात शिकवतो. मग रानात चरणारी गाय मेलेल्या जनावराचे हाड तोंडात धरून चघळत उभी राहते, ते कशामुळे? दक्षिण आफ्रिकेतील शेतकऱ्यांना हे दृश्य नित्याचे होते. अशी जनावरे पुढे लुळी पडून मरत. या रोगाला तिकडे ‘लामसीक्टे’, म्हणजे लुळेपणाचा आजार, म्हणत.

मूळचे स्विस पशुवैद्य आर्नल्ड टायलर यांनी तो अभ्यासाला घेतला. (पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ चे नोबेल मिळवणारे मॅक्स टायलर हे त्यांचेच चिरंजीव.) गवतात एखादी विषारी वनस्पती असावी, असा त्यांचा आधीचा तर्क. १९१९ साली त्यांनी फ्रायबर्गजवळ आर्मुत्स्फ्लाक्टे येथे मुक्काम हलवला. नावाचा अर्थच ‘दारिद्र्याचे माळरान’! तेथे कोडे सुटले. हाडाला चिकटलेल्या कुजक्या मांसात जिवाणू वाढत आणि त्यांचे विष, म्हणजे बोट्युलिझमचे विष, जनावराला लुळे करी. पण गाय हाडाकडे वळतेच का? गवतात विष नव्हतेच, उणीव होती. तेथील मातीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतातही कमी.

त्यात ऋतूची भर. कोवळ्या पानांत फॉस्फरस त्यामानाने बरा असतो. गवत फुलोऱ्यावर आले की तो बियांकडे जातो, काही मुळांकडे परततो. बी झडल्यावर उरते ती नुसती काडी. तिकडचा हिवाळा कोरडा; त्या महिन्यांत जनावरांच्या वाट्याला ही काडीच येते. आपल्या माळावरच्या कुसळी गवताची फाल्गुनात हीच गत होते.

टायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनावरांना हाडांचा स्वच्छ चुरा खाऊ घातला. हाडांचा हव्यास थांबला, रोग आटोक्यात आला, शिवाय वजन आणि दूधही वाढले. ज्या वस्तूपायी जनावरे मरत होती तीच औषध ठरली, हे आम्हांला या इतिहासातले सर्वांत नवलाचे वाटते.

मग चुरा कोरड्या ऋतूतच द्यावा, असे कोणीही म्हणेल. पण दक्षिण आफ्रिका आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील नंतरच्या प्रयोगांत फॉस्फरसचा अधिक लाभ पावसाळ्यात दिसला! कोरड्या गवतात प्रथिनेही नसतात. जनावर वाढतच नाही, तर फॉस्फरस वापरणार कशाला? हिरव्या चाऱ्यावर ते झपाट्याने वाढते, हाडे फॉस्फरस मागू लागतात, आणि उणीव भासते ती तेव्हा.