वेणी, क्रूस आणि पांढरे लुगडे

करमाळा तालुक्यातील केम आणि जेऊर या स्थानकांवरून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग दौंड ओलांडल्यावर केडगावला पोहोचतो, आणि बाह्य वेशापेक्षा अंतःकरणाला श्रेष्ठ मानणारी ख्रिस्ती शिकवण मराठी मुलखात सर्वांत कठोर कसोटीला लागली ती याच अवर्षणग्रस्त पट्ट्याच्या कडेला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रियांच्या आश्रमात.

नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात, म्हणजे आरंभीच्या मंडळ्यांना लिहिलेल्या उपदेशपत्रात, स्त्रियांनी केसांच्या वेण्या, सोने आणि भारी वस्त्रे यांऐवजी सौम्य व शांत मनाचे भूषण धारण करावे असे सांगितले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण विधवेच्या अंगावरून वेणी आणि दागिने समाजाने आधीच उतरवलेले होते. केशवपन, अर्थात पतीच्या मृत्यूनंतर विधवेच्या डोक्यावरचे सर्व केस काढून टाकण्याची रूढी, हे तिच्या वैराग्याचे चिन्ह मानले जाई, आणि तिचे मन काय म्हणते हे मात्र कोणी विचारत नसे. बाबा पदमनजींनी 1857 साली ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत विधवांचे हे हाल मांडले होते. लादलेला साधेपणा हाही एक बाह्य वेशच ठरतो, ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्याशिवाय 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उघडलेल्या आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेल्या रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेचे मोल कळत नाही, कारण तेथे विधवेवर वपनाची सक्ती नव्हती.

रमाबाईंना हा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही भेटला होता. 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्काराची दीक्षा, घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यावरून तेथील धर्मभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार पुष्कळ तापला. ख्रिस्तावरील निष्ठा आणि इंग्रजी मंडळीची रीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही त्यांची भूमिका निःसंशय रास्त होती. केडगावात त्या पांढरे सुती लुगडे नेसत. विधवेचे म्हणून ओळखले जाणारे ते वस्त्र त्यांच्या अंगावर स्वतःच्या निवडीचे झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हीच वाट वेगळ्या रीतीने चालले. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक अभंगाच्या छंदात येशूची भक्ती गात राहिले आणि 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून संन्यासी वृत्तीने जगू लागले. साताऱ्यातील त्यांच्या ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळीत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, म्हणजे खुद्द संस्काराची बाह्य खूणही त्यांनी प्रवेशाची अट ठेवली नाही.

रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचा मराठी अनुवाद करण्यात वेचली, तेव्हाही भारदस्त संस्कृत शब्दांपेक्षा अल्पशिक्षित बायांना कळेल अशी साधी मराठी त्यांनी पसंत केली. ते काम उरकून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.