चोंगा कोणाच्या मालकीचा?

विसाव्या शतकात कित्येक दशकं बहुतेक अमेरिकी घरांतला फोन घरमालकाचा नसायचा. तो एटी अँड टी या कंपनीचा. बनवायची तिचीच वेस्टर्न इलेक्ट्रिक. घरोघरच्या तारा, शहरातली एक्स्चेंज, लांब पल्ल्याचे कॉल, सगळं एकाच घरचं. ग्राहकाने दरमहा भाडं भरायचं आणि फोनला परकी वस्तू जोडायची नाही, असा नियमच होता.

'हश-अ-फोन' ही अशीच एक परकी वस्तू. चोंग्याच्या बोलायच्या टोकावर बसणारी वाटीसारखी टोपी. तिच्यात बोललं की शेजारच्या टेबलावर ऐकू जात नसे आणि ऑफिसातला गलबला फोनमध्ये शिरत नसे. ना वायर, ना बॅटरी. तरी कंपनीने आडकाठी घातली आणि केंद्रीय दळणवळण आयोगाने तिचीच री ओढली. १९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय उलटवला. तोंडाशी हाताचा आडोसा धरून बोललेलं चालतं, तर तेच काम उपकरणाने केलेलं का चालू नये, असा न्यायालयाचा सवाल होता.

त्यानंतर टेक्ससचा टॉम कार्टर पुढे सरसावला. तेलविहिरींवरच्या माणसांचं वायरलेसवरचं बोलणं तो एका खाचेत ठेवलेल्या चोंग्यातून फोनवर पोहोचवायचा. १९६८ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने कौल दिला: जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला बाहेरचं यंत्र जोडता येईल. या वाटेने आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मोडेम घरात आले. पुढे लाखो घरांत इंटरनेट पोहोचलं ते याच मोडेमवरून.

गाजलं मात्र एटी अँड टीचं विभाजन. १८९०च्या शर्मन कायद्याखाली सरकारने १९७४ मध्ये खटला भरला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांत वाटली गेली. लांब पल्ल्याचे कॉल स्वस्त झाले, पण तुकडे पुन्हा एकमेकांत मिसळू लागले. २००५ मध्ये त्यांतल्याच एसबीसीने मूळ कंपनी विकत घेतली आणि तिचंच नाव लावलं. जोडणीचा हक्क तेवढा टिकला.

त्या विभाजनावर देखरेख ठेवणाऱ्या वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयातच न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी त्यांनी फेटाळली, पण सर्चची काही माहिती पात्र स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला.