आईचे उपास आणि पावडरचा डबा

काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घराबद्दल या समूहात मी आधी दोनदा लिहिलंय. आज त्याच घरातल्या एका पत्र्याच्या डब्याबद्दल लिहिते. निमित्त माझ्या भाच्याचं. गेल्या महिन्यात त्याने हप्त्यावर व्हे प्रोटीनचा हा एवढा मोठा डबा आणला आणि मला कौतुकाने दाखवत म्हणाला, "आत्या, एका स्कूपमध्ये चोवीस ग्रॅम प्रोटीन. सकाळी हे घेतलं की नाश्ता नक्को, दुपारी पण नुसतं सॅलड."

"नाश्ता नक्को" ऐकलं आणि मला माझी आई आठवली.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. निजामाच्या राज्यात नांदेड आणि हैदराबाद एकाच मुलखात होतं, त्यामुळे १९५६ ला मराठवाडा वेगळा झाला तरी आमचं येणंजाणं थांबलं नाही. मीटरगेजच्या गाडीने काका ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ काचीगुड्याला घेऊन यायचे. वडील रेल्वेत कारकून. घरात आजी, आम्ही तीन भावंडं आणि शिकायला राहिलेला एक चुलतभाऊ. एकाच पगारात सगळ्यांचं भागायचं.

१९७० साली माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता. हातपाय काटक्या, पोट तेवढं पुढे, सतत किरकिर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बच्चे को प्रोटीन की कमी है," आणि चिठ्ठीवर एका पावडरचं नाव लिहून दिलं. त्यांना दोष देत नाही मी. तेव्हा सगळं जगच तसं म्हणत होतं. १९६८ मध्ये खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाने जगावर प्रथिनांचं संकट येऊ घातलंय असा अहवाल काढला होता. गरीब देशांतली मुलं रोडावतात ती प्रथिनं कमी पडतात म्हणून, आणि उपाय म्हणजे मासळीचं पीठ, सोयाबीनचं पीठ, दुधाची भुकटी, असा तो काळ.

डबा आला. आई तो फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. सकाळ-संध्याकाळ सपाट दोन चमचे, कोमट पाण्यात. गुठळ्या व्हायच्या, वास ओल्या पुठ्ठ्यासारखा. भाऊ तोंड फिरवायचा आणि आई त्याचं नाक धरून पाजायची. डबा संपला की दुसरा. महिन्याच्या गोड्या तेलाला जेवढे पैसे लागत, जवळपास तेवढे त्यात जात. मग तेल कमी झालं, शेंगदाणे आणायचे थांबले, दूध अर्ध्या शेरावर आलं.

आणि त्या वर्षी आईचे उपास वाढले. एकादशी, चतुर्थी पहिल्यापासून होत्याच. त्यात सोमवार आले, मग गुरुवार, मग शनिवार. आम्हाला वाटायचं भावासाठी नवस बोललीये. खरं काय ते तिच्या माघारी मावशीने सांगितलं. "नवस कसला गं. डब्याचे पैसे कुठून निघणार होते?"

भावाचं वजन मात्र हलेना. का हलेना, याचं उत्तर तेव्हा आमच्या घरापासून काही मैलांवर, तार्नाक्याला तयार होतं. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. तिचे प्रमुख डॉ. सी. गोपालन. त्यांनी दोन तऱ्हेची कुपोषित मुलं पाहिली, अंगावर सूज आलेली आणि नुसती हाडं उरलेली. पुस्तकं म्हणत होती की पहिल्यांना प्रथिनं कमी पडतात, दुसऱ्यांना एकूण अन्नच. गोपालन यांना दोघांच्या जेवणात असा फरक सापडलाच नाही. पोरं धान्य आणि डाळच खात होती, त्यात प्रथिनांचा वाटा ठीक होता. जेवणच पोटभर नव्हतं.

दुसरा माणूस तर आपलाच. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख. १९७० मध्ये त्यांनी भारतातल्या आहाराचे आकडे मांडून दाखवलं, की जिथे प्रथिनं कमी पडतात तिथे बहुतेक वेळा उष्मांकच आधी कमी पडलेले असतात. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनांची गरज खाली आणली, आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रकरणाला चक्क प्रथिनांची मोठी फजिती म्हटलं.

तसं बघितलं तर हा गैरसमज त्याहूनही जुना. प्रोटीन हा शब्द १८३८ चा, मूळ ग्रीक, अर्थ 'पहिल्या मानाचं'. मोठे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणायचे की स्नायू चालतात ते प्रथिनं जाळूनच. फिक आणि विस्लिसेनस या दोघांनी १८६५ मध्ये पिठाचे तळलेले गोळे आणि साखर खाऊन, म्हणजे जवळपास प्रथिनांशिवाय, स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढला आणि स्वतःच्या लघवीतला नायट्रोजन मोजला. जळालेली प्रथिनं एवढ्या चढणीला पुरणं शक्यच नव्हतं. आमचे तालमीतले आजोबा दूध-बदामाच्या खुराकाचे गोडवे गायचे, पण त्या खुराकाखाली भाकरींची चवडही असायची. ती कुणी मोजत नसे.

आमच्या घरात हे शास्त्र आलं ते वाड्यातल्या एका ताईंमुळे. त्या तार्नाक्याला प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. भावाला बघून आईला म्हणाल्या, "वहिनी, चूल पेटवायला चंदन घालताय तुम्ही. पोटात सरपणच कमी आहे, मग शरीर प्रथिनं पण सरपण म्हणून जाळतं. अंग भरायला उरणार काय?" त्यांनी आईला पीठ शिकवलं. भाजलेले गहू चार वाटे, भाजलेली हरभऱ्याची डाळ दीड वाटा, भाजलेले शेंगदाणे एक वाटा, सगळं दळून त्यात दोन वाटे गूळ. पोषण संस्थेचं असंच मिश्रण 'हैदराबाद मिक्स' म्हणून ओळखलं जातं. त्यांच्या मापाने ८६ ग्रॅममध्ये ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅमवर प्रथिनं. मोजून बघा, आपल्या आज्या प्रवासाला द्यायच्या त्या सातूच्या पिठापेक्षा फार वेगळं नाही. गव्हात जे अमायनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी यांतलं गणित तेच.

आईने डबा बंद केला. भाऊ ते पीठ दुधात कालवून मागून मागून खायचा. चार-सहा महिन्यांत गालावर मांस आलं. खरं ते सांगते, जंतांचं औषधही त्याच सुमारास दिलं होतं, तेव्हा सगळं श्रेय पिठाचं नाही. शेंगदाणे पुन्हा घरात आले. आईचे शनिवार-गुरुवार सुटले. सोमवार मात्र तिने शेवटपर्यंत धरला.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, तेव्हाची गोष्ट वेगळी. म्हणजे पावडर वाईटच का?" नाही रे बाबा. व्हे म्हणजे काय, चीज करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं त्यातली प्रथिनं. एके काळी परदेशात ते डुकरांना घालत, नाहीतर ओतून देत. १९७० च्या सुमारास ते बारीक चाळणीतून गाळून भुकटी करण्याचं तंत्र आलं आणि त्याला भाव आला. ते स्टेरॉइड नाही, विष नाही. धडधाकट माणसाची किडनी त्याने बिघडते असंही सिद्ध झालेलं नाही. किडनीचं दुखणं आधीच असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिवू नये. म्हातारपणी जेवण जात नसेल, आजारातून उठलेला माणूस असेल, तर त्याचा उपयोगही आहे.

पण जास्त प्यायलं की दंड जास्त, हे खोटं. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, म्हणजे साठ किलोला पन्नासेक ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला साधारण दुप्पट. त्यापुढचं अंगात साठत नाही, ते जळतं किंवा चरबीत जातं आणि नायट्रोजन लघवीवाटे बाहेर. शिवाय डब्यात लिहिलंय तेवढं असतंच असंही नाही. २०२४ मध्ये आपल्याकडच्या बाजारातले ३६ नमुने तपासले गेले, त्यातल्या जवळपास ७० टक्क्यांत लेबलवरचा आकडा खरा नव्हता. त्याच वर्षी तार्नाक्याच्या त्याच संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अंग कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं लिहिलं.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. दोन अंडी, १२ ग्रॅम. पाव लिटर दूध, ८. मूठभर शेंगदाणे, ७. दोन वेळचं घट्ट वरण मिळून वाटीभर कच्ची डाळ धरली, २० च्या वर. भाकरी-पोळीचे वेगळेच. पोरगा गप्प झाला. पण त्याच्या कागदावर सकाळची आणि दुपारची ओळ रिकामी होती. दिवसाकाठी जेमतेम हजार उष्मांक आणि वर दोन तास व्यायाम. म्हणजे हजारो रुपयांची ती पावडर हा पोरगा सरपण म्हणूनच जाळत होता.

डबा टाक म्हणाले नाही मी, हप्ते अजून चार बाकी आहेत. आधी नाश्ता कर, मग काय ते पी, एवढंच ठरलंय. त्याचा बाप, म्हणजे तोच माझा काटकुळा भाऊ, आता ढेरी घेऊन शेजारी बसला होता. त्या डब्याचा नुसता विषय निघाला तरी त्याने नाक दाबलं.

आईने तो पत्र्याचा डबा पुढे तीसेक वर्षं मोहरीला वापरला. लेबल गेलं, झाकणाला गंज चढला, पण मी तो ठेवलाय. तुमच्याकडे, इंदूरला, बडोद्याला, बेळगावला, असा डबा कुणाच्या फडताळात अजून असेल तर फोटो टाका. त्यात पुढे काय भरून ठेवलं जायचं तेही लिहा.