दारू बदलली, रायफल रुसली



यंत्र अडले की पहिला दोष कुणावर येतो? ज्याच्या हातात ते असते त्याच्यावर! विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर आपण गड्याला म्हणतो, "तुला चालवता येत नाही." तेल कुठून आणले, कालपर्यंत कोणते होते, हे आपण विचारीत नाही. आज मी अशाच एका यंत्राची हकीकत सांगणार आहे. यंत्र आहे रायफल आणि काळ आहे व्हिएतनाम युद्धाचा. गोष्ट दूरची खरी, पण तिच्यातला धडा आपल्या दारातला आहे.

प्रथम ही रायफल चालते कशी ते पाहू. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढावा लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम दारूच्या धुराचा जोर करतो. दारू पेटते, गोळी नळीतून पुढे धावते, आणि तिच्या मागचा थोडा वायू एका छिद्रातून मागे वळवलेला असतो. तो वायू खटका मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे आत बसते. सैनिकाने फक्त घोडा दाबायचा. युजीन स्टोनर या अमेरिकन तंत्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात अशी एक हलकी रायफल रचली. तीच पुढे एम-१६ म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्यात एकेक गोळी सोडण्याची सोय होती, तशी सलग सोडण्याचीही होती.

या रचनेत एक बारीक मेख आहे, ती ध्यानात घ्यावयास हवी. दारू पेटते तेव्हा काडतुसाचे पितळ फुगते आणि घराच्या भिंतीला घट्ट चिकटते. जोर ओसरला की ते आकसते आणि मग सहज निघते. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मोट वर आली की तिचे पाणी थारोळ्यात पडू द्यावे लागते. त्याआधीच बैल मागे सारले तर पाणी पुन्हा विहिरीत! रायफलीतही तसेच आहे. पितळ आकसण्याआधीच खटका मागे धावला तर त्याचा आकडा काडतुसाच्या काठावरून निसटतो, किंवा काठच फाडतो. रिकामे काडतूस आत अडकून बसते.

स्टोनरची रायफल ज्या दारूवर जुळवली होती ती ड्यूपाँट कंपनीची होती. पण ठरलेला वेग द्यायचा आणि आतला दाबही मर्यादेत ठेवायचा, हे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात तिला जमेना. म्हणून १९६४ साली सैन्याने 'बॉल पावडर' नावाची गोल कणांची दारू मंजूर केली. ती काही नवखी नव्हती. सैन्याच्या दुसऱ्या काडतुसांत ती वापरात होती.

या दारूचा जन्म मोठा गमतीचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत तोफांच्या शिलकी दारूचे ढीग पडून होते. ही दारू कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची प्रक्रिया करून बनते. जुनी झाली की तिला आम्ल सुटते आणि ती बिघडते. फ्रेड ओल्सेन या रसायनज्ञाने ती विरघळवून, तिचे गोल कण पाडून पुन्हा कामास आणण्याची युक्ती शोधली. १९३३ च्या सुमारास ती वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत सिद्ध झाली. आम्ल मारण्यासाठी तिच्यात घातली चुनखडी. आंबट जमिनीत आपण चुना टाकतो ना, तसेच!

दारू चांगलीच होती, पण या रायफलीची नव्हती. तिच्यामुळे वायूच्या छिद्राशी दाब वाढला, खटका अधिक वेगाने धावू लागला, आणि सलग माऱ्यात मिनिटाला ८५० गोळ्यांची मर्यादा ओलांडू लागला. तिच्यातली चुनखडी वायूच्या बारीक नळीत साचू लागली. त्यात घराला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत ते गंजून खरबरीत झाले की काडतूस आणखीच चिकटे. आणि शेवटचा घाव असा, की ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला. पुष्कळांना सफाईचे साहित्यही मिळाले नाही.

परिणाम काय झाला? काडतूस अडकले की नळीच्या तोंडातून गज घालून ते ठोकून काढायचे. समोर शत्रू असताना! १९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर लढलेल्या मरीन सैनिकांच्या हाती ही रायफल नुकतीच आली होती. पडलेल्या सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या रायफली उघडून पडलेल्या दिसल्या, असे एका सैनिकाने घरी लिहिले. ते पत्र वृत्तपत्रात छापून आले. वरिष्ठांचे उत्तर मात्र ठरलेले होते : पोरे रायफल साफ ठेवीत नाहीत.

हे उत्तर अगदी खोटे नव्हते, पण अर्धे होते. त्याच वर्षी इकॉर्ड या लोकप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली संसदीय उपसमितीने चौकशी केली. कारखान्याला नव्या दारूवर रायफली कसोटीला उतरवणे कठीण जात होते. तेव्हा जुन्या दारूची काडतुसे वापरून चाचणी घेण्याची मुभा त्याला मिळाली होती. म्हणजे परीक्षा एका दारूवर आणि लढाई दुसरीवर! काडतुसांतील दोष दूर करण्यात अधिकाऱ्यांनी केलेली हयगय गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या हद्दीवरची आहे, असा समितीचा निष्कर्ष होता.

उपाय मात्र साधेच निघाले. खटक्याचा वेग आवरणारा जड बफर बसवला, घराला क्रोमचा मुलामा दिला, सफाईची साधने वाटली. १९६८ साली विल आयस्नर या व्यंगचित्रकाराची चित्रमय पुस्तिका सैनिकांच्या हाती दिली. पुढे दारूतील चुनखडीही कमी केली. तीच रायफल मग कितीतरी वर्षे भरवशाची ठरली. मेलेले मात्र परत आले नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही हकीकत विज्ञानाच्या तासाला सांगा, तशीच इतिहासाच्याही. एखादी गोष्ट काल चालत होती आणि आज अडली, तर पहिला प्रश्न 'चूक कोणाची' हा नसावा. 'मधल्या काळात काय बदलले' हा असावा. दुसरा प्रश्न : तो बदल कोणी केला, आणि ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला सांगितला का? हे दोन प्रश्न वेळेवर विचारले असते, तर त्या टेकड्यांवरची काही मुले घरी परतली असती.

आणि शेतकरी बंधूंनो, उद्या इंजिन अडले तर गड्यावर रागावण्याआधी तेलाचा डबा एकदा हुंगून पाहा.