पुस्तकांची पेटी आणि गटाची पेटी

कापूस वेचून दमून आल्या असाल, तरी रेडिओपाशी बसलात, याचा आनंद आहे. आज मी कर्जाचं, व्याजाचं किंवा बँकेचं बोलणार नाही. आज एका पेटीचा इतिहास सांगणार आहे. ही पेटी पैशांची नाही, पुस्तकांची आहे.

हा विषय मला आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्याच एका गटाच्या बैठकीत सुचला. बैठक शाळेच्या खोलीत होती. भिंतीशी काचेचं कपाट, आत कोणी दात्यानं दिलेली गोष्टींची पुस्तकं आणि बाहेर कुलूप. एका ताईची मुलगी काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचत होती. मी विचारलं, "ही पुस्तकं पोरांना घरी का देत नाहीत?" उत्तर आपल्यातल्याच एका ताईनं दिलं, "पुस्तक फाटलं त मंग भरून कोन देईन वं बाई?"

ताई चुकीचं बोलली नाही. भरून देण्याची भीती गरिबाला असतेच. पण हा प्रश्न फक्त आपल्या गावचा नाही. जगात जिथं जिथं दानातल्या पुस्तकांतून शाळेचं ग्रंथालय उभं राहिलं, तिथं तिथं हे कुलूप आडवं आलं आहे. ते लोकांनी कसं उघडलं, ते पाहू.

१९९८ साली जॉन वुड नावाचा एक अमेरिकन माणूस नेपाळच्या डोंगरात पायी फिरायला गेला. तो मायक्रोसॉफ्ट या संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. बाहुनडांडा गावच्या शाळेत त्यानं ग्रंथालय पाहिलं. खोली होती, पण मुलांच्या उपयोगाची पुस्तकं नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांनी मागे सोडलेल्या परदेशी भाषांतल्या मोठ्या माणसांच्या कादंबऱ्या होत्या. आणि त्याही कुलपात, कारण मुलांनी खराब केल्या तर दुसऱ्या आणायच्या कुठून?

त्यानं ओळखीच्या सगळ्यांना पत्रं धाडली. अमेरिकेत त्याच्या आईवडिलांच्या घरी पुस्तकांचा ढीग लागला, सुमारे ३,००० पुस्तकं जमली. पुढच्या वर्षी तो वडिलांना घेऊन परत आला आणि जनावरांच्या पाठीवर लादून पुस्तकं डोंगरातल्या शाळांपर्यंत नेली. २००० साली त्यातून 'रूम टू रीड' ही संस्था उभी राहिली. पण तिलाही एक गोष्ट कळली. दूरदेशाहून आलेलं इंग्रजी पुस्तक चांगलं असलं, तरी मुलाला आधी आपल्या बोलीतली गोष्ट लागते. मग संस्थेनं मुलांच्या स्वतःच्या भाषेत पुस्तकं छापायला घेतली. म्हणजे दान देणाऱ्यानं आपल्याकडे काय उरलं आहे ते पाहून भागत नाही. समोरच्या पोराला काय हवं आहे, ते पाहावं लागतं.

आता त्याच्याही मागे जाऊ, आपल्या मराठी माणसाकडे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घरातल्या गोपाळ नावाच्या मुलाला १८७५ मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक घेतलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. हेच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाले. ज्याला उशिरा अक्षर मिळालं, त्याला अक्षराची किंमत जास्त कळली. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

पण शाळा सुटली आणि हातात वाचायला काहीच नसलं, तर शिकलेलं विसरायला किती वेळ लागतो? आपल्या गटातल्या किती तरी जणी चौथी-सातवी शिकल्या आणि आता सही करतानाही अडखळतात. सयाजीरावांनी हे ओळखलं. ते अमेरिकेला गेले तेव्हा तिथली गावोगावची ग्रंथालयं त्यांनी पाहिली. १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावलं. आपल्या राजवाड्यातली हजारो पुस्तकं लोकांच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालनं केली.

आणि ज्या गावात ग्रंथालय नाही, त्या गावासाठी काढली फिरती पेटी. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरायची आणि गावाला पाठवायची. गावानं वाचून परत केली की दुसरी पेटी. पाठवण्याचा खर्च संस्थानचा. ज्या गावाला कायमचं ग्रंथालय हवं, त्यानं आपला वाटा जमवायचा. मग तेवढीच भर सरकार आणि तेवढीच पंचायत घालणार. म्हणजे गावानं आधी एक रुपया काढला, तर त्याचे तीन होणार. तायांनो, हे ऐकून काही आठवलं का? आधी आपली बचत, मग बँकेचं कर्ज, हा आपला बचतगटाचा नेम त्याच धाटणीचा आहे.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे येते. पुस्तक फाटलं तर? त्याचं उत्तर बायांनीच दिलेलं आहे, तेही फार लांब, अमेरिकेतल्या केंटकी नावाच्या डोंगराळ राज्यात. १९३५ च्या सुमारास तिथं मोठी मंदी होती, हाताला काम नव्हतं. सरकारनं रोजगारासाठी एक योजना काढली. बायांनी घोड्यावर किंवा खेचरावर पुस्तकांच्या थैल्या लादायच्या आणि डोंगरातल्या शाळांत, घरांत पोचवायच्या. मजुरी महिन्याला २८ डॉलर. जनावराची सोय ज्याची त्यानं करायची. सरकार मजुरी देई, पण पुस्तकांसाठी पैसा नव्हता. पुस्तकं आणि मासिकं दानातून आली, तीही बहुतेक जुनी, वापरलेली.

ती फाटत होती. मग त्या बायांनी काय केलं? फाटलेल्या मासिकांतली चांगली पानं कापली, चिकटवली आणि नवीन वह्या केल्या. कुणी स्वयंपाकाच्या कृती जमवल्या, कुणी गोधडीचे नमुने. त्या वह्याच एका घरून दुसऱ्या घरी फिरू लागल्या आणि लोक त्या मागून घेऊ लागले. १९४३ पर्यंत हे काम चाललं. फाटलेल्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आपण बाया, फाटलेल्या पुस्तकाला भिणार का?

आता पुन्हा नाशिक. २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. कल्पना साधी होती. वाढदिवसाला, आनंदाच्या दिवशी लोकांनी पुस्तकांसाठी देणगी द्यायची. त्या पैशातून निवडून पुस्तकं घ्यायची आणि १०० पुस्तकांची एक पेटी करायची. ती पेटी कुठल्याही वाचकांच्या गटाला द्यायची, ठरावीक काळानं बदलायची. पेटी सांभाळणारा माणूस त्याच गटातला, आणि बिनपगारी.

पेट्या शाळांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या, तुरुंगातही गेल्या. मग समुद्रापार निघाल्या. दुबई, जपान, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. तिथं आपली मराठी कुटुंबं नोकरीसाठी राहतात. त्यांची मुलं आठवडाभर परक्या भाषेत शिकतात. अमेरिकेत तर आईबाप स्वतः मास्तर होऊन सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरवतात. आजीशी बोलता यावं, एवढ्यासाठी. त्या मुलाच्या हातात मराठी गोष्टीचं पुस्तक पडलं, तर ते किती मोलाचं! इथं कुणी वाढदिवसाचा खर्च वाचवला आणि तिथं एक पोर मराठी वाचायला लागलं.

तर बडोदा, केंटकी, नेपाळ, नाशिक. मला या सगळ्यांत एकच सूत्र दिसतं. पुस्तक देणारा ग्रंथालय करत नाही, पुस्तक फिरवणारा करतो. आपल्या गटाची पेटी बघा. पैसा पेटीत कुलपात पडून राहिला, तर दसपट का जमेना, कुणाचं भलं होत नाही. तो शेळीला, मशीनला, पोराच्या फीला फिरला की वाढतो. आणि बुडेल म्हणून आपण कर्ज देणं थांबवत नाही. आपण नोंद ठेवतो.

आपल्याला पंचसूत्री पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. तीच पुस्तकांना लावा. आठवड्यातला एक वार ठरवा. एक वही घाला. कुणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं, एवढ्या तीन रकान्यांची. कुठलं पुस्तक हवं, ते पोरांना विचारा. फाटलं तर खळ, सुई, दोरा आपल्या घरात आहे. वही सांभाळायला गटातली एक ताई शाळेला द्या. जबाबदारी घेणारं कुणी दिसलं की गुरुजींच्या मनातलीही भीती जाते.

आपल्या तालुक्याला हे नवं नाही. पापळच्या शेतकरी घरातला पंजाबराव नावाचा मुलगा गावात पुढची शाळा नाही म्हणून बाहेर गेला, पार विलायतेपर्यंत शिकला. परत आल्यावर, पुढच्या पोरांना तेवढी पायपीट पडू नये म्हणून डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही. आपल्याला एक कुलूप उघडायचं आहे.

त्या बैठकीतल्या ताईला मी शेवटी एवढंच म्हटलं, "पुस्तक फाटलं तर आपण शिवू. पण पोरगी न वाचता मोठी झाली, तर ते भरून कोण देईल?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वही मी ठेवतो. पन लिवता येत न्हाई तेवढं, पोरगी लिवून देईन."

ज्या पुस्तकांसाठी ती मुलगी काचेला नाक लावून उभी होती, त्यांचा हिशेब आता तीच लिहिणार. पुढच्या बैठकीला तुमच्या गावच्या शाळेतलं कपाट पाहून या. आत काय आहे, ते पुढच्या वेळी मला सांगा. नमस्कार.