भिंत कोणाची, डागडुजी कोणाची?

पावसाळ्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात रस्त्याकडेची भिंत ढासळली की टोलवाटोलवी सुरू होते. ग्रामपंचायत म्हणते रस्ता जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणते सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारा, आणि तो विभाग शेजारच्या जमीनमालकाकडे बोट दाखवतो. शेवटी कोणीतरी सुचवतो, "वाडीतल्या पोरांना सांगा, श्रमदान करून टाका." मित्रांनो, हे वाक्य नवे नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे.

पळसदरीपासूनच सुरुवात करू. येथून पुढे रेल्वे भोर घाट चढते. १८६३ साली हा घाटमार्ग खुला झाला. १८६७ मध्ये घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला, तेव्हा तो पुन्हा उभारण्याचे काम रेल्वे कंपनीवर आले. पायथ्याच्या गावांना कोणी बोलावले नाही, कारण मालक ठरलेला होता. मात्र हा घाट बांधताना जे हजारो मजूर मेले, त्यांची जबाबदारी अशी कोणावरच ठरलेली नव्हती. दगडाला धनी होता, दगड वाहणाऱ्याला नव्हता.

हाच घाट चढून देशावर जा. तेथील गावांना कूस असे, आणि महारवाडा कुसाबाहेर. वतनी महाराच्या कामांत सीमा राखणे, निरोप पोचवणे, रस्ते झाडणे, मेलेली ढोरे ओढणे यांच्यासोबत चावडीची आणि गावकुसाची डागडुजीही होती. म्हणजे ज्या भिंतीने त्याला बाहेर ठेवले, तीच भिंत त्याने लिंपायची! मोबदला काय, तर बलुते आणि तुटपुंजी इनाम जमीन. कामाला वेळ नाही, यादी नाही, नकाराची सोय नाही.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेच्या मुळावर बोट ठेवले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, कामे नियमाने ठरवा, ज्याला वतन सोडायचे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखू द्या, अशा त्या मागण्या होत्या. विरोध इतका झाला की विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असे तो सांगतो. यातला "राखलेले" हा शब्द विसरू नका. निगा जर सर्वांच्या पैशातून होते, तर हक्कही सर्वांचा. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाला या ठरावाचा आधार होता.

त्यानंतरच्या दाव्यात सनातन्यांनी चवदार तळे खासगी असल्याचा कांगावा केला. तळ्याभोवतीचे रस्ते नगरपालिकेचे, पण काठाच्या पट्ट्या, घाट आणि दगडी बांध अनेक ठिकाणी सवर्ण घरमालकांचे, अशी तिथली स्थिती होती. काठाचा बांध आपला, म्हणून पाण्यावर अडवणूकही आपली, असा त्यांचा तोरा. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. म्हणजे मिरवायला भिंत त्यांची, आणि लिंपायला मात्र आमचे हात. गावगाड्याचा हिशोब असाच चालत आला.

आज वतन नाही, पण तो हिशोब मिटला का? २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला गृहसंकुलाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मेले. तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर कोसळली. त्याच वर्षी २ डिसेंबरला तमिळनाडूत मेट्टुपालयमजवळ खासगी मालकाची उंच भिंत दलित वस्तीवर पडून १७ जण गेले. ही जातीची भिंत आहे, असे तिथले कार्यकर्ते म्हणत राहिले. भिंत बांधणारा एका बाजूला राहतो आणि ती पडते दुसऱ्या बाजूला.

म्हणून कार्यकर्त्यांनी भिंत पडण्याची वाट पाहू नये. आपल्या वस्तीलगतची प्रत्येक भिंत पावसाळ्याआधी पाहा. फुगवटा, भेग, पाणी निघायची बुजलेली भोके यांचे फोटो तारखेसह ठेवा. माहिती अधिकारात विचारा: हा रस्ता कोणत्या वर्गात मोडतो, रस्त्याची हद्द कुठवर आहे, भिंत कोणी बांधली, ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो, दुरुस्तीवर शेवटचा खर्च कधी झाला. भिंत खासगी असेल तर मालकाला नोटीस द्या, असा ठराव ग्रामसभेत लेखी मांडा.

आणि श्रमदान? जरूर करू. पण मग यादीत पाटलाच्या आळीपासून बौद्धवाड्यापर्यंत आणि आदिवासी वाडीपर्यंत सगळ्यांची नावे हवीत. फक्त आमच्याच पोरांना हाक येणार असेल, तर त्याला श्रमदान म्हणू नका. ती वेठबिगार आहे, आणि संविधानाच्या कलम २३ ने तिला बंदी आहे.

जयभीम!